दुसऱ्याने न भरलेला कर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाणिज्य व विधी शाखेचे विद्यार्थी आणि व्यापारी बांधव यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



कर म्हटला की आपल्याला मार्चअखेर आठवते. वह्या गोळा करायच्या, वकिलाकडे किंवा हिशेबनिसाकडे जायचे आणि 'साहेब, यातून काही मार्ग काढा' म्हणायचे, अशी आपली जुनी रीत. आज मला एवढेच सांगायचे आहे की त्या रीतीचे दिवस संपले. आता कर ठरतो तो मार्चमध्ये नव्हे, सौदा होतो त्या दिवशी. म्हणून सल्लागाराची गरजही त्याच दिवशी असते. हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण वस्तू व सेवा कराचे. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करायचा, ही त्याची मूळ कल्पना. समजा, भिवंडीच्या एका कारखानदाराने अठरा टक्के दराचा दहा लाखांचा माल घेतला. एक लाख ऐंशी हजार रुपये कर त्याने विक्रेत्याला दिला. बिल पक्के, माल आला, पैसे बँकेतून गेले. त्याच्या दृष्टीने कर भरला गेला. पण कायद्याचे कलम १६(२)(सी) म्हणते की तो कर प्रत्यक्ष सरकारी तिजोरीत जमा झाला असेल तरच वजावट मिळेल. विक्रेत्याने तो भरलाच नाही तर? खरेदीदाराला पुन्हा एक लाख ऐंशी हजार भरावे लागतात. एकाच मालावर त्याने दोनदा कर दिला, आणि तोही स्वतःचा काही दोष नसताना.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मूल्यवर्धित कराच्या काळात आपल्या कायद्यातही कलम ४८(५) होते. २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील तशाच तरतुदीचा अर्थ प्रामाणिक खरेदीदाराला वाचवील असा केला, आणि दिल्लीच्याच कायद्याखालील एका प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रामाणिक खरेदीदाराची वजावट कायम ठेवली. नव्या कायद्यावरही मतभेद आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सनक्राफ्ट प्रकरणात आधी विक्रेत्याला गाठा असे सांगितले, तर त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने खरेदीदाराची वजावट नाकारणे योग्य मानले. म्हणून व्यापारी बांधवांनी एखादा अनुकूल निकाल ऐकून निर्धास्त राहू नये. निकाल आपल्या बाजूचा असला तरी तो मिळेपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि भांडवल अडकते.

प्रामाणिकपणा सिद्धही करावा लागतो. कर्नाटकाच्या इकॉम गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की नुसते बिल आणि धनादेश पुरेसे नाहीत. माल कोणत्या गाडीने आला, भाडे कोणी दिले, पोच कोणी सही करून घेतली, हे खरेदीदाराने दाखवले पाहिजे. आपल्याकडे गाडीची पावती चहाच्या कपाखाली ठेवली जाते आणि संध्याकाळी केरात जाते. बंधूंनो, ती पावती म्हणजे पैसा आहे, तिला फाईलमध्ये जागा द्या.

आणखी दोन मुदती लक्षात ठेवाव्यात. विक्रेत्याने वर्षाची विवरणपत्रे पुढील ३० सप्टेंबरपर्यंत भरली नाहीत तर नियम ३७-ए प्रमाणे खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत ती वजावट परत करावी. विक्रेत्याने नंतर विवरणपत्र भरले की ती पुन्हा घेता येते. आणि खरेदीदाराने विक्रेत्याचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत तरीही वजावट परत करावी लागते.

आता दुसरे उदाहरण, आयकराचे. १९६१ च्या कायद्यातील कलम ४३-बी मध्ये २०२३ साली खंड (एच) घालण्यात आला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा होतो. जानेवारीच्या आरंभी दहा लाखांचा माल घेतला आणि पैसे मे महिन्यात दिले, तर भागीदारी पेढीला ३१ मार्चच्या हिशेबात तीस टक्क्यांनी तीन लाख रुपये जादा आयकर, अधिक उपकर. शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. आणि ते व्याज खर्च म्हणून वजाही होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा शंभर कोटींपर्यंत गेली, म्हणजे पूर्वी 'लघु' नसलेले अनेक पुरवठादार आता लघु झाले. मात्र हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. निव्वळ व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. पहिला कायदा खरेदीदाराला घाबरवतो, म्हणून सल्लागार सांगतात, 'विक्रेत्याचा कर तिजोरीत दिसेपर्यंत कराची रक्कम अडवून ठेवा.' दुसरा म्हणतो, 'लहान माणसाचे पैसे अडवू नका.' त्यात पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला तिमाही विवरणपत्राची सवलत आहे. त्याने एप्रिलचे बिल दरमहा पोर्टलवर चढवले नाही, तर ते जुलैमध्येच दिसेल. तोवर पंचेचाळीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. म्हणजे सवलत घेणारा छोटा विक्रेता आणि सावधगिरी बाळगणारा खरेदीदार, दोघेही कायद्याप्रमाणेच वागत असून एकमेकांच्या गळ्याशी येतात.

यावर एक सोपा सल्ला देता येतो : लहान माणसाकडून माल घेऊच नका, किंवा त्याला उद्यम नोंदणी रद्द करायला लावा. हा सल्ला कायदेशीर असेल, पण माझ्या मते तो सल्लागाराच्या पेशाला शोभणारा नाही. चार मागांवर घर चालवणाऱ्याचे गिऱ्हाईक तोडून आपल्या पक्षकाराचा कर वाचवणे यात हुशारी कसली?

खरा उपाय कराराच्या कागदावर आहे. तारखेसह लेखी करार करावा, म्हणजे पंधरा दिवसांचे पंचेचाळीस होतात. विक्रेत्याने प्रत्येक महिन्याचे बिल पुढील महिन्याच्या तेरा तारखेपर्यंत पोर्टलवर चढवावे, अशी अट घालावी. तिमाही सवलत घेणाऱ्यालाही ही सोय उपलब्ध आहे. मालाची किंमत मुदतीत द्यावी. त्याच्या चुकीने वजावट गेली तर ती रक्कम व्याजासह भरून देण्याची हमी घ्यावी. नव्या विक्रेत्याची नोंदणी चालू आहे का, तो विवरणपत्रे भरतो का, हे सौद्यापूर्वी पोर्टलवर पाहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

नोटिशीबद्दलही एक शब्द. नोटीस आता टपालवाला आणून देईल याची वाट पाहू नका. ती पोर्टलवर येते आणि मुदत तेथूनच मोजली जाण्याचा धोका असतो. पहिल्या अपिलाला तीन महिने, सबळ कारण दाखवल्यास आणखी एक महिना, आणि वादग्रस्त कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. आठवड्यातून एकदा पोर्टल उघडण्याची जबाबदारी पेढीतील एका माणसावर नावानिशी सोपवा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. कलमांचे आकडे बदलले, 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले. पाठ केलेले आकडे निरुपयोगी झाले. ज्याने तरतुदीचे कारण समजून घेतले होते, त्याचे काही बिघडले नाही. शिकणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

आपल्या संस्थेतून वाणिज्य आणि कायदा शिकून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींकडे मोठ्या कंपन्या येतील न येतील. पण बाजारातला यंत्रमागवाला, बेकरीवाला, सुटे भाग बनवणारा नक्की येईल. त्याला मार्चमध्ये भेटण्यापेक्षा सौद्याआधी भेटायची सवय लावा, आणि त्याच्या करारात समोरच्या लहान माणसाचीही सोय पाहा.