हिरवा पक्ष आणि आपले प्लॉट
(बोईसरच्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



काल काही जणांनी विचारलं, पेपरात येतो तो जर्मनीचा हिरवा पक्ष काय आहे? आपणही तसा काढायचा का?

तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत व्हील नावाचं गाव होतं. माणसं द्राक्षं पिकवणारी. सरकारनं तिथं अणुवीज केंद्र बांधायला घेतलं. 1975 साली शेतकरी, बाया, म्हातारे सगळे जागेवर जाऊन बसले. पोलिसांनी हुसकलं, ते परत आले. भट्टी उभी राहिलीच नाही. अशा ठिकठिकाणच्या लढ्यांतून 1980 साली पक्ष निघाला. 1983 च्या मार्चमध्ये त्यांना शंभरात साडेपाच मतं मिळाली आणि 27 खासदार झाले. तिकडे मतांच्या हिशेबानं जागा मिळतात. आपल्याकडे साडेपाच मतं म्हणजे डिपॉझिट जप्त! म्हणून पक्ष काढायची घाई मला पटत नाही.

त्यांचे सुरुवातीच्या काळातले दोन नियम मात्र घेण्यासारखे होते. खासदारानं दोन वर्षांनी जागा दुसऱ्याला सोडायची. पगारातून कामगाराच्या मजुरीएवढं ठेवायचं, बाकी चळवळीच्या निधीत. आपल्या राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला हे विचारून बघा.

आता इथलं बघू. तारापूरची भट्टी देशातली पहिली, 1969 साली सुरू झाली. वीज जाते महाराष्ट्रात अन् गुजरातेत, आपल्या कितीतरी पाड्यांवर तेव्हा रॉकेलची चिमणी होती. शेजारी एमआयडीसी. रंगाच्या, औषधाच्या कारखान्यांचं पाणी नाल्यातून खाडीत. इथं कोळी, कारखान्यातला कामगार आणि आपण एका बाजूला उभे राहू शकतो. व्हीलमध्ये असंच झालं.

पण हिरवं म्हणणारा प्रत्येक जण आपला नाही. शहरातले काही निसर्गप्रेमी म्हणतात, जंगल आदिवासींनी खाल्लं. ठेकेदाराचे कूप आणि भरलेले ट्रक त्यांना दिसत नाहीत, आपला राब दिसतो. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही. ऐकायला चांगलं. धरणाला परवानगी मिळते. आपण म्हटलं की पिढ्यान् पिढ्या कसलेला एकसाली प्लॉट नावावर करा, तर तेव्हा साहेब हाच कायदा पुढे करायचा. 1982 च्या वनविधेयकात गार्डाच्या हाती आणखी दांडका द्यायचा होता. देशभर आदिवासी संघटना उठल्या म्हणून ते अडलं.

तेव्हा उद्या कोणी हिरवा झेंडा घेऊन पाड्यावर आला तर त्याला बसवा, चहा पाजा. मग एकच विचारा. प्लॉट कसणाऱ्याच्या नावावर व्हावा, हे तुझ्या पक्षाच्या कागदावर लिहिलंय का? लिहिलं नसेल तर आधी लिहून आण म्हणावं, मग भट्टीचं बोलू.

आणि आपलं काम आपण करू. फॉरेस्टवाल्यांनी दंड घेतला त्याच्या पावत्या जपा. कोणत्या साली कोण कसत होतं, ते त्या पावतीवर दिसतं. चुलीत टाकू नका. पुढच्या सभेला येताना प्रत्येक पाड्यानं आपल्या पावत्या आणि कसणाऱ्यांची यादी आणायची आहे.