स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळ

स्पॅनिश भाषेत एकाच शब्दाने होणाऱ्या भूतकाळाची रूपे मुख्यतः दोन. 'कान्तो' म्हणजे ती गायली. 'कान्ताबा' हे त्याच क्रियापदाचे अपूर्ण भूतकाळातील रूप. ही रूपे पाठ करणे मुळीच कठीण नाही. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'आबा' आणि 'एर' व 'इर'ने संपणाऱ्यांना 'ईआ' लावले की काम झाले. नियम मोडणारी क्रियापदे अवघी 3 : असणे, जाणे आणि पाहणे. खरी अडचण आहे ती कोणते रूप केव्हा योजावे याची.

इंग्रजीच्या द्वारे स्पॅनिश शिकणारा येथे हमखास अडखळतो. कारण इंग्रजीतील साधा भूतकाळ दोन्ही अर्थ एकाच रूपात सामावून घेतो. मराठी माणसाने मात्र आपल्या भाषेकडे वळावे. 'आजी पहाटे उठे, दळण दळी, ओव्या गाई' हा आपला रीतिभूतकाळ. 'आजी गात होती, इतक्यात दार वाजले' यातील 'गात होती' हा अपूर्ण भूतकाळ. मराठीतील 'गाई' आणि 'गात होती' या दोहोंचे काम स्पॅनिशमधील एकटे 'कान्ताबा' करते. दार वाजले, तेथे मात्र दुसरे रूप येते.

तरीही एक चकवा उरतो. 'अपूर्ण' या नावामुळे विद्यार्थ्याला वाटते, की दीर्घकाळ चाललेली क्रिया या काळात सांगावी. तसे नाही. 'तो दहा वर्षे माद्रिदला राहिला' हे वाक्य स्पॅनिशमध्ये पूर्ण भूतकाळातच येते. कारण त्या दहा वर्षांना सीमा घातली गेली आहे. 'तो माद्रिदला राहत होता, तेव्हा युद्ध सुरू झाले' येथे मात्र अपूर्ण भूतकाळ हवा. प्रश्न क्रियेच्या लांबीचा नाही. बोलणारा ती बाहेरून पाहतो की आतून, याचा आहे. काराकास येथे जन्मलेले व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 1847 साली चिलीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात या काळाला 'सहभूत' अशा अर्थाचे नाव दिले. भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने असणारे, ते सहभूत. मेक्सिकोत हे नाव आजही शिकविले जाते, आणि विद्यार्थ्याला ते अधिक उपकारक आहे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. 'साबीआ' म्हणजे त्याला ठाऊक होते. 'सूपो' म्हणजे त्याला कळले. 'नो केरीआ' म्हणजे त्याची इच्छा नव्हती. 'नो कीसो' म्हणजे त्याने नकार दिला. एखादी गोष्ट माणसाला आधीच ठाऊक होती, की ती त्याला त्या क्षणी कळली. तो केवळ नाखूष होता, की त्याने साफ नाकारले, यावर त्याच्याविषयीचा न्याय अवलंबून असतो. मराठी जेथे निराळे क्रियापद योजते, तेथे स्पॅनिश केवळ काळ बदलते. म्हणून शिकणाऱ्याने प्रत्ययांचे कोष्टक घोकून थांबू नये. प्रत्येक वाक्यापाशी त्याने एवढेच विचारावे : येथे काही घडले, की काही घडत असताना आपण आत उभे आहोत?