कॅम बदलला, रॉकर झिजला



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या व्याख्यानमालांतून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. मोटारीच्या इंजिनातला बोटभर लांबीचा एक लोखंडी तुकडा अकाली का झिजतो, हा विषय त्या यादीत कोणाला शोभणार नाही असे वाटेल. संयोजकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. मी त्याच विषयावर बोलणार आहे, फक्त गॅरेजच्या दाराने आत शिरणार आहे. कारण हा तुकडा झिजला की त्याची किंमत कोणाच्या पगारातून कापायची, हा प्रश्न माझ्यापुढे येऊन पडलेला आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात सिलिंडरच्या माथ्यावर निदान दोन व्हॉल्व असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. व्हॉल्व उघडतो तो कॅम, आणि मिटवते ती स्प्रिंग. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. पुष्कळ इंजिनांत कॅम आणि व्हॉल्व यांच्यामध्ये रॉकर असतो. तो तराजूच्या दांडीसारखा मध्यावर टेकलेला असतो; एक बाजू वर ढकलली की दुसरी खाली जाऊन व्हॉल्व दाबते. दांडीची एक बाजू दुसरीच्या दीडपट लांब ठेवली, तर कॅमने ६ मिलिमीटर उचलले असता व्हॉल्व ९ मिलिमीटर उघडतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. व्हॉल्वच्या टोकाशी ८० किलोचा जोर लागत असेल, तर कॅमच्या बाजूला तो १२० किलो होतो, आणि मधल्या टेकूवर दोहोंची बेरीज, म्हणजे २०० किलो, येऊन बसते. हे सारे मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात सेकंदाला ५० वेळा घडते. कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून ५०. नाहीतर १०० झाले असते.

आता हौशी माणूस काय करतो? त्याला गाडी अधिक जोरात पळायला हवी असते. तो बाजारातून ‘परफॉर्मन्स कॅम’ आणतो. हा कॅम मूळ कारखान्याचा नसतो, दुसऱ्या कोणी घडवलेला असतो. तो व्हॉल्व अधिक उंच उचलतो आणि अधिक वेळ उघडा ठेवतो. इंजिन अधिक श्वास घेते, वरच्या वेगात ताकद वाढते. यात फसवणूक नाही. विद्या खरी आहे. पण अधिक उंची थोड्याच वेळात गाठायची तर चढ उभा करावा लागतो, आणि उभ्या चढावर व्हॉल्वला, रॉकरला बसणारा झटका वाढतो. शिवाय वेग दुप्पट झाला की हलत्या भागांना आवरण्यास लागणारा जोर चौपट होतो. जुनी स्प्रिंग तो जोर लावू शकत नाही. व्हॉल्व कॅमच्या मागे पडून हवेत तरंगतो आणि प्रसंगी पिस्टनवर आपटतो. म्हणून कडक स्प्रिंग घालतात. ती कडक स्प्रिंग मग रात्रंदिवस, वेग असो वा नसो, रॉकरच्या मानेवर बसलेली असते.

मूळ कारखान्यात कॅम, रॉकर, स्प्रिंग, वंगणाची छिद्रे आणि लोखंडाचा कडकपणा यांचा मेळ कोणीतरी वर्षानुवर्षे खपून बसवलेला असतो. आपण त्यातला एक भाग बदलतो आणि उरलेल्यांनी मुकाट्याने जुळवून घ्यावे अशी अपेक्षा करतो. गिरणीत माग वाढवून दिले की माणसे तेवढीच राहत, त्याची आठवण मला होते. पण ते असो.

या रोगाचे एक प्रसिद्ध उदाहरण विलायतेतले आहे. फोर्ड कंपनीने १९७० साली युरोपात कॉर्टिना आणि टाउनुस या गाड्यांसाठी नवे इंजिन आणले. तेच अमेरिकेत पिंटो नावाच्या गाडीत गेले, म्हणून लोक त्याला पिंटो इंजिनच म्हणू लागले. पुढे ते एस्कॉर्ट आरएस २०००, काप्री, सिएरा अशा कितीतरी गाड्यांत बसले. त्यात कॅम सिलिंडरच्या माथ्यावर असतो आणि दातेरी पट्ट्याने फिरतो. रॉकर मात्र तराजूसारखा नाही, बोटासारखा आहे: एक टोक गोल खुंटीवर टेकलेले, दुसरे व्हॉल्ववर, आणि कॅम मध्येच वरून दाबतो. मघाशी टेकूवर दोन्ही टोकांची बेरीज येते असे म्हटले. इथे ती बेरीज थेट घासणाऱ्या जागेवरच येते. टेकू निदान मोठा तरी असतो. इथे कॅम आणि रॉकर एका रेषेवर भेटतात, आणि त्या रेषेवर सारा भार.

त्या रेषेला तेल पोचवण्यासाठी कॅमजवळ एक बारीक नळी बसवली होती. तिला लहान लहान छिद्रे, त्यांतून तेलाची फवारणी. तेल वेळेवर बदलले नाही की गाळ धरतो, छिद्रे बुजतात, आणि ज्या कॅमसमोरचे छिद्र बुजले तो कॅम आणि त्याचा रॉकर कोरडे घासू लागतात. इंजिनाच्या माथ्यावरून टक्‌टक् आवाज येतो. हा दोष मूळ कॅमनिशीही त्या इंजिनात होता. मग शर्यतवाल्यांनी त्याच रचनेवर उंच कॅम आणि कडक स्प्रिंगा चढवल्या. तिथल्या जाणत्या मिस्त्रींनी एक रीत घालून घेतली: कॅम बदलला की रॉकर नवे, आणि ती नळीही नवी. जुने रॉकर चांगले दिसले तरी पुन्हा घालायचे नाहीत. जुन्या रॉकरच्या अंगावर जुन्या कॅमची खूण पडलेली असते. नवा कॅम त्या खुणेशी जुळत नाही, तिच्या कडेवर चढतो, आणि थोड्याच मैलांत दोघेही खराब होतात.

फोर्डचे नाव निघाले म्हणून जाता जाता सांगतो. याच कंपनीच्या डॅगनहॅम येथील कारखान्यात १९६८ साली गाड्यांच्या बैठकांची कव्हरे शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी संप केला. बैठका नाहीत म्हणून गाड्यांचे उत्पादन अडले. त्या संपाच्या पाठोपाठ १९७० साली ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. शिवणयंत्रावरच्या बायकांना कारखान्यात कमी कुशल गणत असत.

आता आपल्याकडे सर्रास घडते ती गोष्ट. नवा कॅम महाग पडतो, म्हणून जुनाच कॅम घासून ‘रेसिंग’ करून आणतात. घासण्याने लोखंड कमी होते, वाढत नाही. मग कॅमची उचल कशी वाढली? याचे उत्तर असे की उचल म्हणजे नाकाची उंची वजा पाठीचा गोलावा. नाक वाढवता येत नाही, म्हणून पाठ घासून बारीक करतात. फरक वाढला, उचल वाढली. पण पाठ आत गेल्यामुळे रॉकर आता वेगळ्या कोनात बसतो. टॅपेटचा स्क्रू फिरवून फट भरून काढली, फिलर गेजने माप बरोबर दाखवले, तरी कोन सुधारत नाही. कॅम आता रॉकरच्या घासणाऱ्या पृष्ठाच्या मध्यावर न फिरता कडेकडे सरकतो. मध्यावर घासला तर वर्षानुवर्षे टिकणारा रॉकर कडेवर घासला की थोड्या दिवसांत खड्डा धरतो.

यात दुसरीही एक गोम आहे. ओतीव कॅमचे साच्यात ओतताना उंचवट्यांच्या जागी लोखंड मुद्दाम झटकन थंड करतात. त्यामुळे तिथले पृष्ठ काचेसारखे कठीण होते. गिरण्यांचे गाव असलेल्या आपल्या सोलापुरात १९९२ साली कॅम ओतणारी कंपनी निघाली आणि तिचे कॅम परदेशच्या मोटारींत जाऊ लागले. ही विद्या आता आपल्याला परकी राहिलेली नाही. पण काही कॅमना कठीणपणा पातळ थरापुरताच दिलेला असतो. तो थर घासणावळीत निघून गेला तर खाली मऊ लोखंड लागते. पोलादी कॅम असेल तर त्याला चालणारा रॉकर वेगळा आणि ओतीव कॅमला चालणारा वेगळा. या जोड्या दुकानदार सहसा सांगत नाही, आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

आता जी गोष्ट मी सांगणार आहे ती ऐकून पुष्कळांना नवल वाटते. नवा कॅम घातल्यावर इंजिन हळूहळू चालू द्यावे, स्लोवर ठेवून तापू द्यावे, असे आपल्याला वाटते. लहान मुलाला चालायला शिकवावे तसे. रॉकर घासून चालणारा असेल, तर हीच माया त्याच्या मुळावर येते. वेगात असताना कॅमच्या नाकावरून जाणारा व्हॉल्व आपल्या वेगाने वर उसळू पाहतो, त्यामुळे स्प्रिंगचा काही भार परस्पर खर्च होतो. स्लोवर ही उसळी नसते; कडक स्प्रिंगचा सगळा भार नाकाच्या त्या एका रेषेवर उभा राहतो. त्यात तेलाचा पंप सावकाश, फवारा मंद, आणि दोन पृष्ठांमध्ये तेलाचा पडदा धरायला लागतो तो वेगही नाही. म्हणून कॅमचे कारखानदार सांगतात की कॅमला आणि रॉकरला वंगणाची दाट लेप लावा, पेट्रोल, पाणी, टायमिंग सगळे आधी तयार ठेवा, पहिल्या झटक्यात इंजिन चालू होईल असे करा, आणि चालू होताच सुमारे २० मिनिटे ते २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवा. त्या वीस मिनिटांत स्लोवर आणू नका. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली स्प्रिंग तेवढ्यापुरती काढून ठेवणारेही आहेत.

आणि आमचे हौशी शेठ काय करतात? अशा कॅमचा स्लोवर एक अडखळता, धडधडता आवाज येतो. दोन्ही व्हॉल्व थोडा वेळ एकदम उघडे राहतात म्हणून तो येतो. त्या आवाजासाठीच अर्धे पैसे मोजलेले असतात. मग गाडी दारात उभी करून, मित्रांना बोलावून, अर्धा अर्धा तास तो आवाज ऐकवायचा. त्या अर्ध्या तासात रॉकरचे आयुष्य किती गेले ते कोण मोजतो?

तेलाविषयी थोडक्यात सांगतो. जस्त आणि फॉस्फरस असलेले एक संयुग कित्येक दशके इंजिनतेलात घालत आले आहेत. कोरड्या घर्षणाच्या वेळी ते पृष्ठावर एक पातळ थर चढवते, आणि लोखंडाऐवजी तो थर झिजतो. परंतु फॉस्फरसने धूर शुद्ध करणारे उपकरण निकामी होते, म्हणून २००४ च्या अमेरिकी ‘एसएम’ प्रतीपासून मोटारींच्या पातळ तेलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. नव्या गाड्यांतल्या रॉकरला बहुधा फिरती चाकी असते, त्यांचे यावाचून अडत नाही. घासून चालणाऱ्या जुन्या इंजिनात, कडक स्प्रिंगखाली, तेच ‘सर्वांत नवे आणि सर्वांत महाग’ तेल घातले तर अडते.

आता तक्रारीकडे येतो. एका गॅरेजमध्ये एका जुन्या एकसिलिंडरी मोटारसायकलला असा कॅम बसवला गेला. गिऱ्हाइकाने कॅम आणि स्प्रिंग स्वतः आणली होती. रॉकर जुनाच ठेवा, असे त्याचे सांगणे. दीड महिन्यात गाडी परत आली. रॉकरचे टोक खाल्लेले, व्हॉल्वचे टोक एका बाजूने चंद्रकोरीसारखे झिजलेले. गिऱ्हाईक मालकावर ओरडले, मालक फिटरवर. “टॅपेट नीट सेट केले नाहीस,” एवढे म्हणून मालकाने बाविशीतल्या त्या मुलाच्या पगारातून चार हप्त्यांत पैसे कापायचे ठरवले. मुलगा माझ्याकडे आला. त्याने तो रॉकर आणि तो व्हॉल्व रद्दीच्या कागदात बांधून आणला होता, ही त्याची हुशारी.

आम्ही दोघे मालकाकडे गेलो. मी म्हणालो, “शेठ, आधी हे बघा, मग बोलू.” टॅपेटची फट जास्त राहिली असती तर टोक ठोकल्यासारखे चपटे झाले असते. तेल पोचले नसते तर रॉकरचा पिन निळा पडला असता, चिकटला असता. पिन स्वच्छ होता आणि तेलाची वाट मोकळी होती. झीज होती ती फक्त बाहेरच्या कडेला. उचल वाढल्यामुळे रॉकरचे टोक व्हॉल्वच्या माथ्यावरून दूरवर सरकत होते, त्याची ती खूण. हे काम फिटरच्या पान्याने झालेले नव्हते. ते माल निवडणाऱ्याने केलेले होते. मालक माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही मिस्त्री कधी झालात?” मी म्हटले, “तुमच्याच पोरांनी शिकवले.”

कायद्याचाही आधार होता. मालकाच्या वस्तूच्या नुकसानीबद्दल पगार कापायचा तर ती वस्तू कामगाराच्या ताब्यात सोपवलेली असली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीपेक्षा अधिक असता कामा नये, आणि त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही म्हणणे मांडण्याची ती संधी राखलेली आहे. गॅरेजात काम करणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? हजेरीपत्रकावर नावसुद्धा नसते त्यांचे. कापलेले दोन हप्ते परत मिळाले. मुलगा तिथे राहिला नाही. राहील असे मला वाटलेही नव्हते.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाडीला असा कॅम बसवायचे घाटत असेल, त्यांनी मिस्त्रीला एक तास अधिक द्यावा आणि त्या तासाचे पैसेही द्यावेत. रॉकरच्या घासणाऱ्या पृष्ठाला निळी शाई लावायची, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे, आणि रॉकर काढून पाहायचा. शाई जिथे पुसली गेली ती जागा मध्यावर असेल तर पुढे चला. कडेला असेल तर तिथेच थांबा. टेकूची उंची किंवा व्हॉल्वची लांबी बदलल्याखेरीज इंजिन चालू करू नका. आणि मिस्त्री म्हणाला की रॉकर नवे लागतील, तर तो तुम्हाला लुबाडतो आहे असे समजू नका.

मी येताना दोन रॉकर आणले आहेत, एक चांगला आणि एक तो झिजलेला. ते इथे टेबलावर ठेवतो. जाताना बोट फिरवून पाहावे. बोटाला तेल लागेल, शेजारी फडके आहे.