वारणेकाठचे अरण्य

नाशिककरास गोदावरी नित्य भेटते ती घाटावर. नदी अरण्यात पाहावयाची असेल, तर त्याने दक्षिणेस सह्याद्रीतील वारणेच्या खोऱ्यात, चांदोलीस जावे. सुमारे ३१७ चौरस किलोमीटरांचे हे रान २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे जांभूळ, अंजनी यांच्या सदाहरित छायेखाली पावसाचे पाणी मुरते, आणि तेच पुढे ओढ्यांतून पाझरत वारणेस मिळते.

परंतु तेथील निर्जनता सर्वस्वी निसर्गाची नव्हे. धरणासाठी व वन्य जीवांसाठी येथील गावे उठली. जेथे कुळीथ-नाचणी पिके, तेथे आज गवे चरतात. म्हणून पाहुण्याने तेथे पाऊल जपून टाकावे. पायाखालचे गवत कोणाचे तरी अंगण होते.