मळ्यातला मोत्या आणि उरलेले औषध

मळ्यातला कुत्रा घरच्याच माणसांत मोडतो. निफाडकडे द्राक्षबागेत रात्रभर जागतो तो मोत्या, आणि दिवसा पोरे खेळतात तीही त्याच्याच गळ्यात पडून. त्याचा पाय चिघळला, की फडताळातल्या उरल्यासुरल्या कॅप्सूल भाकरीत दडवून त्याला चारतात. लंगडणे थांबले, की औषधही बंद!

घोटाळा इथेच होतो. अंदाजाने दिलेल्या अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात. चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. हा धोका पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगसाहेबांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या भाषणात सांगितला होता. शिवाय काही जंतू आपली ही विद्या शेजारच्या परजातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. मग त्यांना माणूस काय नि कुत्रा काय! चाटण्यातून, विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून ते इकडचे तिकडे होतात. आपल्याकडून कुत्र्याकडेही जातात बरे का. सारा दोष मुक्या जनावरावर नको. पोर्तुगाल व इंग्लंडमधील काही घरांत पाळीव जनावर आणि मालक या दोघांच्याही विष्ठेत औषधाला न जुमानणारे सारखेच जंतू सापडल्याचे २०२४ साली जाहीर झाले.

तेव्हा मोत्याला हाकलू नका. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. औषधाच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नसते. गुरुजींनी ती रेघ वर्गात मुलांना एकदा दाखवावी. घरी जाऊन फडताळ तीच उघडतील.