चिमूटभर मीठ आणि विद्यापीठ



विद्यापीठातल्या संशोधनाचा आमच्या घरच्या आजाऱ्याला काय उपयोग, असे कुणी विचारले तर मला राग येत नाही. प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर आज मीठ-साखरेच्या पाण्याच्या गोष्टीतून देतो.

पटकी झाली, मोठे जुलाब लागले, की अंगातले पाणी आणि क्षार भराभर निघून जातात. माणूस दगावतो तो बहुधा त्यामुळेच. पूर्वी यावर भरवशाचा इलाज एकच, शिरेतून सलाईन. म्हणजे दवाखाना आला, बाटल्या आल्या, जाणता माणूस आला. पुढे संशोधकांना आढळले की आतड्यात साखर असली तर तिच्यासोबत मीठ रक्तात जाते, आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. १९६८ साली ढाक्यात पटकीच्या रोग्यांवर याची परीक्षाही झाली. तरी पुष्कळ जाणकार म्हणत, ‘हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठीक आहे, अडाण्याच्या हाती कसे द्यावे?’

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले. रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईन संपत आलेले! त्यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या करवल्या, पिंपात पाणी कालवले आणि रोग्यांच्या आया, भाऊ, नातलग यांच्याच हाती पेले दिले. मुख्य म्हणजे, त्या धांदलीतही मोजदाद ठेवली. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यू त्यांच्या केंद्रात शेकडा चारच्याही खाली आले.

आईच्या हातून हे काम होते, हे त्या आकड्यांनी दाखवले. नुसत्या भल्या सल्ल्याने सरकारे हलत नाहीत. त्यांना पुरावा लागतो. १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुलाबांच्या रोगांविरुद्ध कार्यक्रम आखला, त्यात या पाण्याला मानाचे स्थान मिळाले.

शिक्षकबंधूंनो, यापुढचा भाग खास तुमच्यासाठी. १९८० नंतर बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका दारोदार जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा ते आयांना शिकवू लागल्या. त्यांचा मेहनताना कशावर ठरे? किती घरे केली यावर नव्हे, तर आयांच्या ध्यानात किती राहिले यावर! आपलीही परीक्षा अशी घेतली तर?

आज आपल्या गावात आशाताईंकडे या क्षारांची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको बरं का! घोट घोट पाजत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, पाणी पिईना, शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

जुलाब झाले की पाणी बंद करावे, असे सांगणारी माणसे अजूनही भेटतात. छावणीतल्या आयांनी सिद्ध केलेली गोष्ट आपल्या माजघरात पोचली नाही, तर ते संशोधन अपुरेच राहिले म्हणायचे. ते पुरे करणे तुमच्या-माझ्या हाती आहे.