खिळ्यावरचा आसूड



साहित्याच्या व्यासपीठावर मी कातडी आसूड घेऊन उभा आहे, म्हणून बिचकू नका. आमचे आजोबा नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने सुरतेला आले, तेव्हा बैल विकले, गाडी विकली. आसूड तेवढा बरोबर आणला. चाळीस वर्षे तो बैठकीत खिळ्यावर टांगलेला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे, बस्स. गेल्या पावसाळ्यात बुरशी दिसली म्हणून उतरवला, तर खिळ्यापाशी दुमडलेली वादी हातातच तडकली.

स्टेशनजवळ बसणाऱ्या एका चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, “तेल पाजायला उशीर केलात, भाऊ. तडकलेलं कातडं आता तेल पिऊन जुळत नाही.” खरेच आहे. बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेल्या कातड्यातले तंतू तेलामुळे एकमेकांवरून सरकतात. तेल आटले की वाकवताना तुटतात. काकांनी बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, आसूड सावलीत वाळवला. उन्हात ठेवू दिला नाही. मग तुटक्या वादीच्या जाडीची नवी वादी तासली, ओली केली आणि वेणीच्या पाच-सहा पेडांखालून ओवली. वाळताना ती आवळून बसली. एरंडेलाचा हात अगदी पातळ फिरवला. फार पाजले तर वेणी लुळी पडते. टोकाचा दोरा तर झिजण्यासाठीच असतो. आवाज काढताना ते टोक ध्वनीच्या वेगापुढे जाते. तिथे आपला सुरती नायलॉनचा पीळ बांधला!

हे कातडे कमावले कोणी, वेणी घातली कोणी? आजोबांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा ही वस्तू रोज हाताळली जात होती. ‘दीनबंधु’ने पहिली दोन प्रकरणे छापली, पुढची छापली नाहीत. पण जोतीराव गावोगाव वाचून दाखवत राहिले; आपल्या शेजारी, बडोद्यात, सयाजीरावांनीही त्यातला भाग ऐकला. छपाई अडली तरी तो हातातून सुटला नव्हता. आपण मात्र जयंतीला नाव घेतो, हार घालतो. आज या सभागृहात शेवटचे प्रकरण वाचलेले किती जण आहेत? हात वर करायला सांगत नाही, कारण आसूड दुरुस्त होईपर्यंत मीही वाचले नव्हते.

आजोबांचा आसूड बैलाच्या पाठीला लागत नसे, वरच वाजे, असे आजी सांगायची. मी गच्चीत तो वाजवून पाहिला. तिसऱ्या खेपेला वाजला आणि शेजारचे काका ओरडले, “अरे, शुं थयुं?”

आता खिळा काढून जाड लाकडी खुंटी बसवली आहे. आसूड सैल वेटोळे करून ठेवतो. आखाजीला आणि दसऱ्याला तेल. यंदा आखाजीला नातवाने लावले, जरा जास्तच.